सेंट हेलेनाचं शिबिर : अर्ज भरल्यापासून परत येईपर्यंत

गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणींनी फोन करून एकच विचारलं : तिथं नेमकं काय करतात, आणि आपल्यासारख्यांनी गेलेलं चालतं का? प्रत्येकीला थोडं थोडं सांगितलं, म्हणून आता सगळं ओळीनं लिहून काढते.

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात समुद्राला लागून सेंट हेलेना नावाचं बेट आहे. तिथल्या पेन सेंटरमध्ये वंशभेदाच्या जखमांवर काम करणारं चार दिवसांचं निवासी शिबिर होतं. इथं त्याला सगळे रिट्रीट म्हणतात. भरवणारा गट वेगळा, तीन-चार चर्चच्या लोकांनी मिळून चालवलेला. जागा पेन सेंटरची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी जाऊन आले.

मी अमरावती जिल्ह्यातली, देशमुखांच्या घरची. इथं शार्लट शहरात येऊन १९ वर्षं झाली, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते. शिबिराबद्दल मला सांगितलं ते शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारी बाईंनी. त्या कृष्णवर्णीय, त्यांचं आजोळ त्याच बेटावरचं. नऊ वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खातो, आणि तुमचं गाव कोणतं हे मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

अर्ज ११ फेब्रुवारीला भरला. ऑनलाइन, पाच पानं. नाव, पत्ता, आहार, औषधं हे नेहमीचं. दोन ठिकाणी मात्र अडले. एक म्हणजे वांशिक ओळखीचा रकाना. जनगणनेच्या अर्जावर आपल्यासाठी छापील चौकट असते, इथं कोरी ओळ होती : तुम्हीच लिहा. मी 'भारतीय' लिहिलं आणि पुढे गेले. याच प्रश्नावरून १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, हे मला नंतर पूर्वतयारीच्या बैठकीत कळलं. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिकत्व मिळे. थिंड यांच्या बाजूनं असं मांडलं गेलं की हा माणूस उच्च जातीचा, आर्य रक्ताचा, म्हणून तो गोराच. न्यायालयानं ते मानलं नाही. आपल्या माणसानं जात पुढे करून गोऱ्यांच्या पंगतीत पान मागितलं होतं, हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. तुमच्या कुटुंबाकडे जमीन होती का, कोणाच्या नावावर, आणि कसणारं कोण? मी लिहिलं, '३८ एकर, कापूस आणि तूर, आजोबांच्या वेळेपासून.' कसणारं कोण, याच्यापुढे लिहिलं, 'घरचेच.' खोटं लिहितेय असं तेव्हा वाटलंही नाही.

२९ मार्चला उत्तर आलं : प्रतीक्षा यादीत सहावा क्रमांक. मी आशा सोडली. २२ मे रोजी जागा मिळाल्याची मेल आली, दहा दिवसांत ७५ डॉलर अनामत भरा, परत मिळणार नाही. फी एकच नसते. उत्पन्नाप्रमाणे २०० पासून ७०० डॉलरपर्यंत तक्ता असतो आणि आपला आकडा आपण निवडायचा. पगाराचा कागद कोणी मागत नाही. मी ५५० भरले. ज्यांना झेपतं त्यांनी वरचा आकडा भरावा, कारण बेटावरच्या माणसांची फी त्यातूनच भागते. पेट्रोल आणि वाटेतलं खाणं ९० डॉलर. रजा दोन दिवसांची, गुरुवार आणि शुक्रवार. रजेच्या अर्जात मी कारण सविस्तर लिहिलं, त्यावरून दोन-चार मेली झाल्या. नुसतं 'वैयक्तिक' लिहिलं असतं तरी चाललं असतं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "त्याईच्या भांडनात तू कायले पडतं? आपल्याले काय घेनंदेनं?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. भीती वेगवेगळी होती. गोऱ्यांच्या बाजूला धरतील का, दुसऱ्यांच्या दुःखात उगाच शिरल्यासारखं दिसेल का, इंग्रजीत मन उघडं करता येईल का.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा महिन्याला एक, दीड-दीड तासाच्या तीन ऑनलाइन बैठका झाल्या. त्या चुकवू नका. चुकवली तर जागा जाते, आणि तशीही त्यांच्याशिवाय तिथं गोंधळायला होईल. नियम तिथंच ठरतात : आपल्यापुरतं बोलायचं, कोणाला सल्ला द्यायचा नाही, मध्ये तोडायचं नाही, आणि ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही, शिकलेलं न्यायचं. म्हणून या लेखात इतरांचं फारसं काही नाही. एका निवृत्त शिक्षिकेबद्दल लिहिलंय, ते त्यांना विचारून.

शार्लटहून कोलंबियामार्गे साधारण साडेचार तास लागतात. ब्यूफर्ट ओलांडलं की पूल, मग दोन्ही बाजूंना खाडीची दलदल, भरती-ओहोटीप्रमाणे रंग बदलणारं गवत, आणि नंतर ओकची झाडं. वडासारखी आडवी पसरलेली, आणि पारंब्यांच्या जागी राखाडी जटा लोंबणाऱ्या. त्यांच्याखाली पेन सेंटरच्या जुन्या इमारती, ५० एकरांत विखुरलेल्या. खोल्या साध्या, दोघींत एक. माझ्या खोलीत टेनेसीहून आलेल्या एक गोऱ्या नर्स होत्या. पूर्ण बाह्यांचे कपडे न्या; दलदलीतली चिलटं डोळ्यांना दिसत नाहीत, पण संध्याकाळी फोडून काढतात. शाकाहारी असाल तर अर्जात लिहून थांबू नका, पोचल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बोला. तिथला लाल भात आणि पालेभाजी दिसायला आपली वाटते, पण दोन्हीत बहुधा डुकराचं मांस असतं. मी बोलले, तर तिथल्या बाईंनी चारही दिवस माझ्यासाठी भेंडी-टोमॅटो वेगळं काढून ठेवलं.

जागेचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, ७ नोव्हेंबर १८६१ ला, उत्तरेच्या आरमारानं जवळची पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. मळेवाले गोरे घरंदारं टाकून पळाले आणि या बेटांवर सुमारे १०,००० गुलाम माणसं मागे राहिली, कायद्यानं मुक्त नसलेली पण मालक नसलेली. १८६२ मध्ये लॉरा टाउन आणि एलन मरे या दोघी उत्तरेतून आल्या आणि त्यांनी या माणसांसाठी शाळा काढली. त्याच वर्षी शार्लट फोर्टन आल्या, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका. लॉराबाई १९०१ मध्ये वारल्या, तोपर्यंत त्या इथंच राहिल्या. शाळा १९४८ साली बंद झाली, जागा समाजकार्यासाठी चालू राहिली. १९६० च्या दशकात दक्षिणेत काळे-गोरे एका छताखाली राहून बैठक घेऊ शकतील अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यांतली ही एक. मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांना घेऊन इथं येत, गँट कॉटेज या छोट्या घरात उतरत. गरिबांना घेऊन वॉशिंग्टनवर धडकायच्या मोहिमेचा खल १९६७ च्या नोव्हेंबरात इथल्याच बैठकीत झाला. त्यांच्यासाठी खाडीकाठी एक घर बांधायला घेतलं होतं. ते पुरं झालं १९६८ मध्ये. किंग त्यात कधी राहिले नाहीत. पहाटे मी त्या बाजूला फिरायला जात असे.

गुरुवारी संध्याकाळी २६ जणांचं वर्तुळ भरलं. पहिला दिवस नावगाव, नियम आणि शांतता यांतच गेला. शांतता म्हणजे खरोखर शांतता, रात्री नऊ ते सकाळच्या नाश्त्यापर्यंत कोणी बोलायचं नाही. मला ती आवडली.

शुक्रवारी सकाळी रस्त्यापलीकडच्या ब्रिक चर्चमध्ये नेलं. ते १८५५ चं. विटा गुलामांनी रचल्या, आणि त्यांना बसायला जागा वरच्या सज्जात. मालक पळाल्यावर ती माणसं खाली येऊन बसली, आणि शाळेचे वर्गही काही काळ त्याच चर्चमध्ये भरले. आम्हाला अर्धा तास सज्जात बसवलं, बाकी काही सांगितलं नाही. मी खालची बाकं मोजत राहिले.

दुपारी गट पाडले. गोरे एका खोलीत, कृष्णवर्णीय दुसऱ्या, बाकीचे आम्ही पाचजण तिसऱ्या. हे ऐकून अनेकांना दचकायला होतं, मलाही झालं होतं, पण त्यामागे विचार आहे : गोऱ्यांची अपराधी भावना सांभाळायचं काम कृष्णवर्णीयांच्या गळ्यात पडू नये. आमच्या खोलीत मी विमानतळावरची झडती, ऑफिसातले उच्चारांवरचे विनोद, असं सगळं सांगितलं. ते खरं होतं आणि सांगून बरं वाटलं. मग संध्याकाळच्या मोठ्या वर्तुळात माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही तर नंतर आलो, या इतिहासात आमचा हात नाही.

समोर त्या निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, वय ७४, बेटावरच्याच. त्यांनी विचारलं, कोणत्या कायद्यानं आलात? मला सांगता आलं नाही. त्यांनीच सांगितलं : १९६५ चा स्थलांतराचा कायदा. आशियातल्या लोकांची दारं त्यानं उघडली, आणि तो आला नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर. बोलण्यात राग नव्हता. वर्गात चुकलेल्या मुलीला दुरुस्त करावं तसं सांगितलं आणि गप्प बसल्या. त्या रात्री मी नवऱ्याला फोन करून म्हटलं, उद्या सकाळी निघते. तो म्हणाला, नाश्ता करून ठरव.

नाश्ता केला आणि थांबले, कारण शनिवारी जमिनीचा विषय होता आणि जमीन मला कळते.

यावर थोडं सविस्तर लिहिते. मुक्त झालेल्या माणसांनी या बेटांवर काडी काडी जमवून जमिनी घेतल्या. पुढे मृत्युपत्रं झाली नाहीत, कारण कोर्टकचेरीवर भरवसा नव्हता आणि वकिलाला द्यायला पैसा नव्हता. जमीन सगळ्या वारसांच्या सामाईक राहिली. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं चढतात ना, तसंच, फक्त इथं कित्येकदा नावंही चढलेली नसतात. मग एखादा बिल्डर दूरच्या शहरातल्या एका वारसाला गाठून त्याचा हिस्सा विकत घ्यायचा, वाटणीचा दावा लावायचा, आणि कोर्ट अख्खी जमीन लिलावात काढायचं. शेजारच्या हिल्टन हेड बेटावर आज गोल्फची मैदानं आहेत, तिथं एके काळी यांचीच शेतं होती. दक्षिण कॅरोलायनानं २०१६ मध्ये कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. आता आधी मूल्यांकन करावं लागतं आणि हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते. १९९९ पासून सेंट हेलेनावर बंदिस्त वसाहती आणि गोल्फची मैदानं करायला काउंटीची मनाई आहे. वंशावळ काढणं, मृत्यूचे दाखले जमवणं, नोंदणी कार्यालयात जुने दस्त शोधणं ही तिथली खरी कामं, आणि चार्ल्सटनमधली एक संस्था २००५ पासून हे काम करते. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या घरातली मी; त्या दोन तासांत मला एकही शब्द परका वाटला नाही.

नंतर कापसावर बोलणं आलं. या बेटांचा कापूस लांब धाग्याचा, रेशमासारखा, जगात सगळ्यांत महाग. तो १९२० च्या आसपास संपला. तो संपवला एका सोंडवाल्या भुंग्यानं, आपली बोंडअळी ती नव्हे. संग्रहालयात बोंडं ठेवली होती. मी सांगितलं की १८६१ मध्ये इथला कापूस अडला तेव्हा मुंबईचा भाव आकाशाला भिडला, वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला, आणि १८६५ ला युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला. आमच्या घराण्याचा कापूस त्याच काळातला, असं आजोबा सांगत. सगळ्यांनी रस घेऊन ऐकलं. मग त्या शिक्षिकेनं माझ्याच अर्जातला प्रश्न विचारला, त्यांना तो माहीत असायचं काही कारण नव्हतं. वेचणारं कोण होतं?

मी सालदाराबद्दल बोलू लागले. गुढीपाडव्याला साल ठरायचं, वर्षाचे पैसे आणि वर ज्वारी. ते आमच्याकडे अकरा वर्षं होते. पहाटे गोठा, दिवसभर शेत, रात्री जागल. त्यांची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असे, कानतुटका कप, पांढऱ्यावर निळी रेघ. चहा आई वरून ओतायची, ते पिऊन धुऊन पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. आमच्या बैठकीत जोतिराव फुल्यांची तसबीर होती. ज्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या माणसांना अर्पण केली, ते जोतिराव. बाबा त्या अर्पणपत्रिकेबद्दल अभिमानानं बोलत. तसबीर बैठकीत, कप गोठ्यात, आणि मधलं अंतर वीस पावलं.

हे सगळं इंग्रजीत सांगता आलं. पुढचं येईना. त्याआधी शिक्षिकेनं त्यांच्या वडिलांचं सांगितलं होतं. साठीचा माणूस, चर्चमध्ये मान असलेला, आणि गावातल्या दुकानातला वीस वर्षांचा गोरा कारकून त्यांना 'बॉय' म्हणून हाक मारायचा. त्या शेजारी उभ्या असायच्या आणि वडील मान खाली घालून उत्तर द्यायचे. मला सांगायचं होतं की मी सात वर्षांची होते, ते पन्नाशीचे, आणि मी त्यांना 'तू' म्हणायचे. "गाडी जुंप रे, मला शाळेत सोड." इंग्रजीत 'यू' एकच. वर्तुळात बसलेल्या माणसांना मला आधी समजावून द्यावं लागलं की माझ्या भाषेत दोन आहेत, एक लहानांना आणि जवळच्यांना, एक मानाच्या माणसांना, आणि आमच्या गावात मोठ्या माणसाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे त्याची जात पाहून ठरे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते बोलायला शिकतानाच शिकले होते.

कोणी काही बोललं नाही, नियमच तसा होता. खूप वेळानं शिक्षिकेनं विचारलं, त्यांचं नाव काय? मी पहिलं नाव सांगितलं. पुढचं, आडनाव? मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी बेटावरच्या काही म्हाताऱ्या आल्या, गल्ला बोलीत गोष्टी सांगितल्या. आफ्रिकी भाषा आणि इंग्रजी मिळून झालेली ही बोली. शाळेत ती बोललं म्हणून यांना ओरडा बसलेला. पुण्याच्या हॉस्टेलवर माझ्या 'मले-तुले'वर मुली हसायच्या, ते त्या रात्री आठवलं.

रविवारी दुपारपर्यंत समारोप. एक छापील कागद देतात : पुढच्या सहा महिन्यांत काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि विचारणारं कोण. 'जागरूक राहीन' असलं काही लिहिलं तर परत पाठवतात, माझा पहिला कागद परत आला. दुसऱ्यांदा दोन गोष्टी लिहिल्या. महिन्यातल्या एका शनिवारी घरबसल्या वारसांच्या वंशावळी तक्त्यात भरून द्यायच्या, बेटावरच्या एका कुटुंबासाठी. आणि ३१ डिसेंबरपर्यंत सालदारांचं पूर्ण नाव शोधायचं. विचारणाऱ्या म्हणून त्या शिक्षिका. त्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करतात, आणि खरोखर विचारतात.

वंशावळीचं काम सुरू आहे. चार पिढ्या, ६१ नावं, त्यांतल्या १४ जणांचे मृत्यूचे दाखले अजून मिळायचेत.

दुसऱ्या कामासाठी मी दादाला फोन केला. तो आधी वैतागला, इतक्या वर्षांनी कशाला. मग त्यानं गावात विचारलं. सालदार १९९४ मध्ये वारले. मुलगा बडनेऱ्याला ऑटो चालवतो. दादानं नंबर मिळवला आणि २० डिसेंबरला मी फोन लावला. त्यांनी मला ओळखलं, 'ताई' म्हणाले, तब्येत विचारली. मी 'तुम्ही' म्हणाले तेव्हा ते जरा थांबले. वडिलांचं पूर्ण नाव त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. मग विचारलं, काही काम होतं काय? मी म्हटलं, नाव हवं होतं. थोडा वेळ तिकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "बा बिमार पडला अन् साल अर्धं सुटलं, त्याचे पैसे राह्यले व्हते म्हने. तुमच्या बाबाच्या वहीत असंन."

दादाला वही शोधायला सांगितली. महिनाभरानं त्यानं पानाचा फोटो पाठवला. १९८६-८७, बाबांचं अक्षर. सालदाराचं नाव, फक्त पहिलं. त्याखाली उचलीच्या नोंदी, ज्वारीच्या पायल्या, आणि शेवटच्या ओळीत : बाकी रु. ८५०. बाकीच्या पानांवर हिशेब मिटला की बाबा आडवी रेघ मारत. या पानावर रेघ नाही.

त्या ८५० रुपयांचे आज किती धरायचे, यावर माझं आणि दादाचं अजून जमलेलं नाही. तो व्याज धरून सांगतो, मी त्या वर्षीच्या कापसाच्या भावानं मोजतेय. मार्चमध्ये गावी जातेय. तोवर वही जपून ठेव, असं त्याला सांगितलंय.